फ्रीमोशन हार्नेस: हंगामाच्या पहिल्या बर्फातील स्कीजोरिंगसाठी

नॉन-स्टॉप डॉगवेअर या नॉर्वेच्या कंपनीचे फ्रीमोशन हार्नेस (कुत्र्याच्या अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज) आणि त्याच कंपनीची २.८ मीटरची लवचीक दोरी मी स्कीजोरिंगसाठी, म्हणजे पायांत स्की चढवून कुत्र्याच्या ओढीच्या साथीने बर्फावरून जाण्यासाठी, वापरतो. हे परीक्षण मुद्दाम हंगामाच्या सुरुवातीच्या बर्फापुरते ठेवले आहे. हार्नेसची खरी परीक्षा त्याच दिवसांत होते, कारण तेव्हा वाटा पुरत्या दाबल्या गेलेल्या नसतात, बर्फ मऊ असतो आणि उन्हाळाभर नुसता फिरायला जाणारा कुत्रा पहिल्याच दिवशी जीव खाऊन ओढतो.

आमचा वाघ्या हस्की आणि लॅब्रडॉर यांच्या संकरातला, २७ किलोचा आहे. रोजच्या फिरण्याचे हार्नेस पुष्कळदा छातीवरून आडव्या पट्ट्याने जाते आणि कुत्रा ओढू लागला की तो पट्टा नेमका खांद्याच्या हालचालीच्या आड येतो. फ्रीमोशनचा गळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा असल्यामुळे ओढीचा भार छातीच्या मधल्या हाडावर येतो, श्वासनलिका मोकळी राहते आणि पुढचे पाय पूर्ण लांबीने पडतात. दोरी मानेजवळ न अडकता शेपटीच्या अलीकडे अडकते, त्यामुळे भार पाठीवर सारखा वाटला जातो. बाजूचे पट्टे कमीजास्त करता येतात. लांब पाठीच्या किंवा रुंद छातीच्या संकरित कुत्र्यांसाठी मला हा या हार्नेसचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मऊ बर्फात वाघ्या प्रत्येक पावलाला थोडा खाली जातो आणि उसळून वर येतो, तरीही हार्नेस एका बाजूला सरकत नाही. तासाभराच्या धावेनंतर काखेत हात घालून पाहिले तर केस दबलेले असतात, पण कातडी लाल झालेली नसते.

दोरीची लांबी महत्त्वाची आहे. स्कीचे टोक पावलाच्या बरेच पुढे असते आणि उतारावर आपला वेग कुत्र्यापेक्षा वाढला, तर आखूड दोरीमुळे ते टोक थेट त्याच्या मागच्या पायांशी पोहोचते. लवचीकपणामुळे धाव सुरू होतानाचा हिसका दोघांच्याही कण्यापर्यंत जात नाही. दोरीचे दुसरे टोक आपल्या कमरपट्ट्याला अडकते, त्या पट्ट्याबाबत मात्र सावध राहावे. यापूर्वी दुसरीकडून घेतलेल्या पट्ट्याला मांड्यांचे बंद नव्हते. ओढ बसताच तो वर सरकून पाठीच्या खालच्या भागावर दाबायचा. पट्टा रुंद, नितंबांवर बसणारा, मांड्यांना बंद असलेला आणि जाड हातमोजा घालूनही एका ओढीत दोरी सोडता येईल असाच असावा. झाडाच्या एका बाजूने कुत्रा आणि दुसऱ्या बाजूने आपण गेलो, तर त्या सुटकेच्या कडीखेरीज काहीही उपयोगी पडत नाही.

बर्फ कुठला, यावरही बरेच अवलंबून आहे. अमेरिकेतल्या सिएटलहून सर्वांत जवळची, कॅस्केड पर्वतरांगेतली स्नोक्वाल्मी खिंड जेमतेम ९२० मीटर उंचीवर आहे आणि पॅसिफिकची ओल तिथे सरळ येऊन आदळते. सुरुवातीचा बर्फ जड व चिकट असतो, बोटांमधल्या केसांत त्याच्या गोळ्या होतात आणि कुत्रा लंगडू लागतो. पंजांना मेण लावणे किंवा बूट घालणे तिथे अपरिहार्य आहे. कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेकडील मेथाऊ खोऱ्यात ती ओल पोहोचता पोहोचता कमी झालेली असते, म्हणून बर्फ कोरडा आणि हलका पडतो. मेथाऊ ट्रेल्स ही ना-नफा संस्था तिथे २०० किलोमीटरच्या आसपास वाटा यंत्राने दाबून ठेवते. त्यांपैकी बिग व्हॅलीसारख्या ठरावीक वाटांवरच कुत्र्यांना परवानगी आहे आणि कुत्र्याचाही पास घ्यावा लागतो. हिवाळ्यात नॉर्थ कॅस्केड्स महामार्ग बंद असल्याने वळसा घालून जावे लागते, पण हार्नेसचा खरा आनंद मला त्याच खोऱ्यात मिळाला आहे.

न दाबलेल्या खोल बर्फात मात्र उत्तमातले उत्तम हार्नेसही कामाचे नाही. बर्फ कुत्र्याच्या छातीपर्यंत आला की तो धावत नाही, पोहल्यासारखा धडपडतो आणि थोड्याच वेळात थकतो. अशा वेळी आपण पुढे होऊन स्कीने वाट पाडावी आणि त्याला मागून चालू द्यावे. पहिल्या थराखाली दगड आणि झाडांचे बुंधे असतात, म्हणून वेग आवरता घ्यावा. धातूच्या कडांचे स्की अजिबात नकोत. एका पडण्यात कुत्र्याचा पाय कापला जाऊ शकतो.

किंमत साध्या हार्नेसच्या मानाने बरीच आहे. ज्यांचा कुत्रा वर्षातून एखाद्याच वेळी बर्फ पाहतो, त्यांनी भाड्याने मिळत असेल तर तेच घ्यावे. पूर्ण वाढ न झालेल्या पिलासाठी हे विकत घेऊ नये. माप बदलते हे एक, आणि हाडे पक्की होईपर्यंत त्याला ओढायला लावणे योग्य नाही हे त्याहून महत्त्वाचे. माप घेताना गळपट्ट्याचा आकडा गृहीत न धरता मानेच्या बुडाशी टेप लावून मोजावे आणि दोन मापांच्या मधोमध आकडा आला, तर दोन्ही घालून, दोरीला ओढ देऊन, खांदे मोकळे हलतात का ते पाहावे.