व्हर्टस जीटीला सतरा इंच: कुर्ल्यात बसवलेल्या चाकांबद्दल

गाडीत ताकद आहे आणि ती मुंबईतच चालवायची आहे, तर अठरा इंचाच्या नादाला लागू नका, हे आधीच सांगते. माझी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी आहे: दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर टॉर्क. कंपनीकडून येणारं टायरचं माप २०५/५५ आर१६. आता तिच्यावर २२५/४५ आर१७ आहेत आणि अख्खा पावसाळा त्यांच्यावर काढून झाल्यावर हे लिहायला बसले आहे.

टायर झिजले होते, म्हणजे खर्च तसाही होणारच होता. पण माप बदलायचं कारण वेगळं होतं. या गाडीची सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर येते. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जोरात पडला की चाकं जागच्या जागी फिरायची आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकायचा. घाटात वळण घेताना स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी क्षणभर टायरवर झुकायची, मग वळायची. इंजिन इतकं चांगलं असताना मला ते सहन होत नव्हतं.

आधी उपनगरातल्या एका चकाचक दुकानात गेले. तिथल्या मुलाने गाडी बघितलीसुद्धा नाही, थेट अठरा इंची काळ्या अलॉय पुढे केल्या. ‘मॅडम, लूकच बदलून जाईल.’ रिमचं वजन किती, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणारी बाजू किती अंतरावर) किती, विचारलं तर एकाचंही उत्तर नाही. तिथून निघाले. ऑफिस बीकेसीत असल्यामुळे कुर्ल्याचा सीएसटी रोड हाकेच्या अंतरावर. दोन्ही बाजूंनी गाड्यांच्या सामानाची दुकानं असलेल्या त्या रस्त्यावर एका सहकाऱ्याने हे दुकान दाखवलं. बापलेक चालवतात. वडिलांना सगळे चाचा म्हणतात आणि अलाइनमेंटच्या मशीनवर साताऱ्याकडचा एक मुलगा असतो.

चाचांचा पहिला प्रश्न रिमच्या डिझाइनबद्दल नव्हताच. ‘रोज का रास्ता कौनसा है?’ मी म्हटलं, मुलुंड ते बीकेसी, कधी एलबीएस रोड, कधी हायवे, आणि सणासुदीला चिपळूण. ‘तो फिर अठारह भूल जाओ.’ आणि बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी हिशेब मांडला. मी इंजिनिअर आहे, घरी येऊन तो पुन्हा करून पाहिला. बरोबर होता.

२०५/५५ आर१६ म्हणजे टायरची रुंदी २०५ मिलिमीटर आणि भिंत त्या २०५च्या ५५ टक्के, साधारण ११३ मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि सोळा इंचांची रिम मिळून चाकाचा व्यास ६३२ मिलिमीटर. २२५/४५ आर१७ची भिंत १०१ आणि व्यास ६३४. म्हणजे व्यासात अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. स्पीडोमीटर जवळपास तेच दाखवतो, गिअरिंग बदलत नाही, चाक आतल्या प्लास्टिकला घासत नाही. २२५/४० आर१८ घेतलं तर व्यास ६३७, तोही चालून जातो. खरा घोळ भिंतीत आहे, ती फक्त ९० उरते. एलबीएसवर मेट्रोच्या कामापाशी उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची कड टायरला लागते, तेव्हा तो दणका पचवायला ११३ऐवजी ९० मिलिमीटर रबर. उरलेला रिमवर जातो आणि रिम वाकते, नाहीतर भिंतीतले धागे तुटून टायरला बाहेरून फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. दुकानाच्या कोपऱ्यात असे टायर रचून ठेवलेत, बहुतेक अठरा आणि एकोणीस इंची. जाल तेव्हा ते नक्की बघा.

२१५/५० आर१७ असाही पर्याय होता, भिंत १०७. खड्ड्यांसाठी उत्तम, पण व्यास ६४७वर जातो, दोन टक्क्यांहून जास्त वाढ. पिकअप मंदावतो आणि स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवायला लागतो. शिवाय स्टेपनी जुन्याच मापाची असते, तिच्याशी एवढा फरक मला नको होता.

वजनाबद्दल लोक फार कमी बोलतात, म्हणून जरा सविस्तर. रिम मोठी झाली की तिचं वजन मध्यापासून लांब जातं, आणि ते फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. ते वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे खड्ड्यातून चाक वर उडालं की सस्पेन्शनला ते पुन्हा रस्त्यावर टेकवायला वेळ लागतो. स्वस्त, जड अठरा इंची रिम लावून १५० पीएसची गाडी मंद करून घेणारे मी पाहिलेत. चाचांनी रिम वजनकाट्यावर ठेवूनच दाखवली: १७ इंच व्यास, ७.५ इंच रुंदी, फ्लो फॉर्मिंगची (कड दाबून ताणलेली, म्हणून हलकी), नऊ किलोच्या आत. मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी चाचणीचे ठसे बोट फिरवून तपासायला लावले.

मग मापाहून महत्त्वाची गोष्ट, बसवणी. व्हर्टसचा पीसीडी, म्हणजे बोल्टांची मांडणी, ५ बाय १०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर) आणि मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या रिमचं भोक बहुतेकदा मोठं असतं. मधे योग्य मापाची रिंग घातली नाही तर चाक हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) नीट मध्यात बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. आणि बोल्ट! फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोल असते, बाहेरच्या बहुतेक रिमची निमुळती, शंकूसारखी. जुनेच बोल्ट नव्या रिमला लावले तर ते वरवर घट्ट वाटतात, पण धातूला जेमतेम एका रेघेवर टेकतात. हळूहळू सैल होतात. चाचांनी मूळ बोल्ट आणि नवा बोल्ट माझ्या तळहातावर शेजारी ठेवून हे समजावलं. नवीन वीस बोल्टांचे पैसे वेगळे लागले, आनंदाने दिले.

टायर चढवण्याआधी नुसती रिम हबवर लावली. ब्रेकचा कॅलिपर आणि स्पोक यांच्या मधे मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवला, चाक हाताने फिरवलं, आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजली. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. टायर चढल्यावर मागच्या सीटवर दुकानातली तीन माणसं बसवून गतिरोधकावरून गाडी नेली, कुठे घासतं का ते ऐकायला. रिम एक इंच रुंद झाली की ऑफसेट तोच असला तरी ती आत आणि बाहेर दोन्हीकडे जवळजवळ १३-१३ मिलिमीटर सरकते, त्यामुळे ही तपासणी टाळून चालत नाही. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन मीटरवर आवळले. न्यूमॅटिक गनने फाडफाड आवळून मोकळं करणाऱ्यांकडे मी आता कधीच जाणार नाही.

गाडी कशी वाटते? अटल सेतूवर शंभरच्या मर्यादेत ती सरळ रेषा सोडत नाही, बारीक दुरुस्त्या कराव्या लागत नाहीत. कशेडीच्या जुन्या घाटरस्त्यावर स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, मधला तो झोल गेला. दुसऱ्या गिअरमधली फिरकी पार गेली नाही, पण खूप कमी झाली. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्यात मात्र फरक कळतो. लहान खड्डे आता पाठीला जाणवतात. आईने मागच्या सीटवरून तक्रार केली आणि ती खरी आहे. सोळा इंचांवर गाडी जास्त मऊ होती. घरात म्हातारी माणसं असतील आणि गाडी शांतपणेच चालवायची असेल, तर सोळा ठेवा आणि त्यातच चांगल्या ग्रिपचे टायर घ्या. पैसेही वाचतील, मला सतरा इंची टायर सोळाच्या जवळपास दीडपट पडला.

पावसाबद्दल एक सावधगिरी. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. हायवेवर कांजूरमार्गच्या आसपास पाणी साचलं की मी पूर्वीपेक्षा लवकर वेग कमी करते. खाचांची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी मुंबईत तीनला टायर बदलायचा, असं चाचांचं म्हणणं आहे आणि मी ते पाळणार आहे. नवे टायर ९४ लोड इंडेक्सचे, म्हणजे जास्त भार पेलणाऱ्या बांधणीचे आहेत. त्यांना दाबही थोडा जास्त लागतो. बसवल्यावर हवा भरून गाडीच्या स्क्रीनवर टायर प्रेशरचं सेट बटण दाबायला विसरू नका, कारण ही गाडी चाकांच्या फिरण्यावरून हवा कमी झाल्याचं ओळखते. साताऱ्याच्या मुलाने, ‘ताई, हे सेट केल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही,’ म्हणून ते समोर करून घेतलं. विमा कंपनीला अलॉय बदलल्याचं कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या, हेही त्यानेच सांगितलं.

दुकानात उणीव आहेच. बसायला जागा नाही, गाडी रस्त्यावरच उभी करावी लागते, आणि शनिवार-रविवारी चाचांना कोणाशीच धड बोलायला वेळ नसतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दुकान उघडताना गाठा. शंभर किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासायला बोलावतात, त्याचे पैसे घेत नाहीत. मी गेले तेव्हा वीसपैकी दोन बोल्ट किंचित फिरले.