नाकुआ आणि सेंट ब्राउन: नवोदित रिसीव्हरवर भरवसा कधी ठेवावा?

अमेरिकेत राहून फॅन्टसी फुटबॉल (खऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूंचा आपला संघ बनवून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ) खेळणाऱ्या आपल्या मंडळींपुढे दर हंगामात एकच पेच दोन रूपांत उभा राहतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, उशिरा निवडला गेलेला एखादा नवोदित रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) पहिल्याच सामन्यात चमकला, तर त्याला तातडीने घ्यावे का? आणि दोन महिने उलटूनही ज्याच्या वाट्याला फारसे चेंडू येत नाहीत, त्याला सोडून द्यावे का? हा निर्णय घेताना लॉस एंजेलिस रॅम्सचा पुका नाकुआ आणि डेट्रॉइट लायन्सचा अमॉन-रा सेंट ब्राउन यांची पहिली वर्षे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

नाकुआ २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १७७व्या क्रमांकावर निवडला गेला. रॅम्सचा प्रमुख रिसीव्हर कूपर कप मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे पहिले चार सामने बाहेर राहिला आणि त्यामुळे जागा मोकळी झाली. सिएटलमधील पहिल्या सामन्यात नाकुआने १० झेल घेऊन ११९ यार्ड मिळवले, तर पुढच्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १५ झेल घेतले. तरीही खरी कसोटी पाचव्या सामन्यात होती, कारण त्या दिवशी कप परतला. कपने ८ झेल घेतले, पण नाकुआनेही ७ झेल आणि एक टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणारे गुण) मिळवून आपली जागा राखली. हंगामाअखेर त्याच्या नावावर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड होते, आणि नवोदित खेळाडूंसाठी ते दोन्ही त्या वेळी विक्रम ठरले.

सेंट ब्राउनची वाट याहून लांबची. २०२१ मध्ये चौथ्या फेरीत, ११२व्या क्रमांकावर त्याची निवड झाली. आपल्याआधी निवडल्या गेलेल्या सोळाही रिसीव्हरांची नावे तो पाठ म्हणून दाखवतो, आणि सरावानंतर यंत्रातून सुटणारे २०२ चेंडू झेलल्याशिवाय मैदान सोडत नाही. पहिल्या ११ सामन्यांत मात्र त्याला अवघे ३९ झेल आणि ३५२ यार्ड मिळाले होते. मग ५ डिसेंबरला मिनेसोटाविरुद्ध, घड्याळात एकही सेकंद उरलेला नसताना, त्याने क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) जॅरेड गॉफचा ११ यार्डांचा पास गोलरेषेपलीकडे झेलला आणि लायन्सला हंगामातील पहिला विजय २९-२७ असा मिळवून दिला. त्या सामन्यापासून पुढच्या सहाही सामन्यांत त्याने किमान ८ झेल घेतले.

परिस्थितीतला फरक इथे लक्षात घ्यायला हवा. त्याच वर्षी, २०२१ मध्ये, रॅम्सने गॉफला डेट्रॉइटला पाठवून क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला आणले होते. म्हणजे नाकुआला मुरलेला क्वार्टरबॅक आणि प्रशिक्षक शॉन मक्वे यांची घडी बसलेली योजना आयती मिळाली, तर सेंट ब्राउनच्या वाट्याला नव्याने उभारणी करणारा, केवळ ३ सामने जिंकलेला संघ आला. दोघांनाही सहकाऱ्यांच्या दुखापतींचा लाभ झाला, डेट्रॉइटमध्ये पास झेलणारा आणखी एक खेळाडू टी. जे. हॉकेन्सन डिसेंबरात बाहेर पडला होता.

तरीही दोघांत एक साम्य आहे आणि माझ्या मते तेच निर्णायक आहे: दोघेही ब्लॉकिंगला (प्रतिस्पर्ध्याला अडवण्याला) अंग चोरत नाहीत. जो रिसीव्हर धावण्याच्या डावातही समोरच्या बचावपटूला अडवून धरतो, त्याला प्रशिक्षक मैदानाबाहेर काढत नाहीत, आणि तो मैदानावर आहे एवढ्यावरून आता पास येणार की धाव, याचा अंदाज बचावफळीला बांधता येत नाही. म्हणून नवोदिताचे मोजमाप करताना तो किती स्नॅप (डाव) खेळला आणि पासच्या डावांत किती रूट (पास झेलण्यासाठी ठरलेल्या वाटेने केलेल्या धावा) धावला हे आधी पाहावे, त्याच्याकडे किती चेंडू फेकले गेले हे त्यानंतर, आणि यार्ड सर्वांत शेवटी. एका लांब झेलाने यार्डांचा आकडा सहज फुगतो, पण रूटांचा आकडा प्रशिक्षकाचा विश्वास असल्याशिवाय वाढत नाही.

तुमच्यासमोरचा खेळाडू नाकुआसारखा पहिल्याच आठवड्यात दहा-पंधरा वेळा लक्ष्य केला गेला असेल, तर ज्येष्ठ खेळाडू परतेपर्यंत वाट पाहू नका. तोवर तो दुसऱ्या कुणाच्या तरी संघात गेलेला असेल. तो सेंट ब्राउनसारखा शांत असेल आणि तुमच्या लीगमध्ये राखीव जागा पाच किंवा अधिक असतील, तर रूट वाढत आहेत तोपर्यंत त्याला ठेवा. राखीव जागा तीनच असतील, तर मात्र ऑक्टोबरात त्याला सोडून नोव्हेंबरअखेर पुन्हा त्याच्यावर नजर ठेवणे मला अधिक व्यवहार्य वाटते.