प्रवासात टॅबलेट की लॅपटॉप?

११ इंची टॅबलेटचे वजन साधारण ५०० ग्रॅम भरते, तर १३ ते १४ इंची लॅपटॉप चार्जरसह बहुधा दीड किलोच्या आसपास जातो. मात्र टॅबलेटला कीबोर्डचे कव्हर जोडले की हा फरक बराच कमी होतो, आणि खरेदीच्या वेळी नेमके हेच ध्यानात येत नाही. वाचन, चित्रपट आणि ईमेलची त्रोटक उत्तरे यांसाठी टॅबलेट निःसंशय सोयीचा आहे, कारण तो विमानातील चिंचोळ्या ट्रेवर सहज मावतो आणि साध्या पॉवर बँकेवरही चार्ज होतो. लांबलचक मजकूर किंवा मोठी स्प्रेडशीट हाताळायची असेल, तर लॅपटॉपच न्यावा; मांडीवर ठेवून टाइप करताना त्याची घट्ट बिजागरी जो आधार देते, तो टॅबलेटच्या डुगडुगत्या स्टँडकडून मिळत नाही.