ठाण्यात बाटिकचा सारोंग मिळतोय, पण उलटा करून बघून घ्या

नौपाड्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत एक छोटं दुकान आहे, तिथे इंडोनेशियाचे सारोंग मिळतात. आपल्याकडे गोव्याला बीचवर रेयॉनचं जे सुटं कापड कमरेला गुंडाळतात त्यालाच सारोंग म्हणतात, पण मलय आणि जावाकडचा सारोंग म्हणजे दोन्ही टोकं जोडून शिवलेली कापडाची नळी, उंची साधारण एक मीटर, आत उभं राहायचं, जास्तीचा घेर पुढे दुमडायचा आणि वरून गुंडाळून घट्ट करायचा, ना नाडी ना बटण. बायका त्यावर कबाया, म्हणजे पुढून उघडा लांब बाह्यांचा ब्लाउज, घालतात, पुरुष चौकड्याचा नेसतात, नमाजाला जातानाही. त्या चौकड्याच्या कापडाला तिकडे पलेकत म्हणतात, ते चेन्नईजवळच्या आपल्या पुलिकत बंदरावरून, कारण कापड तिथूनच जहाजाने जायचं! मला हे कळल्यापासून लुंगीकडे बघायची नजरच बदलली.

मी जावातल्या पेकालोंगान शहरातला सुती घेतला, १,४०० ला. चाप बाटिक आहे, म्हणजे तांब्याच्या ठशाने मेण लावून मग रंगात बुडवलेलं. एका ठिकाणी वेगळ्या नक्षीचा उभा पट्टा येतो, त्याला केपाला म्हणतात, आपल्या साडीच्या पदरासारखा तोच सगळा भाव खाऊन जातो. कापड मऊ, शिवण सरळ, आणि मे महिन्यात घरात नेसायला एकदम मस्त.

एकच गोष्ट अजिबात पटली नाही. हाताच्या बाटिकच्या गठ्ठ्यात साधे छापील पीसही घुसवलेत आणि दर जवळपास तोच. हे चुकीचं आहे, कारण हाताने मेणाची रेघ ओढलेल्या तुलिस बाटिकला कारागिराचे आठवडे, कधी महिने जातात, २००९ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियन बाटिकला वारसा यादीत घेतलं ते या हातकामासाठीच. तर पीस उलटा करून बघाच, मेणाच्या कामात रंग दोन्हीकडून जवळपास सारखा दिसतो, छापलेल्यात मागची बाजू बहुतेक फिकट असते. मालकांना सांगितलं तर त्यांनी ऐकून घेतलं, गठ्ठे वेगळे करतो म्हणाले, बघू.

धुवायला मशीन नको, रिठ्याच्या पाण्यात हाताने धुवा, जावातही बाटिक रिठ्यासारख्याच फळाने धुतात, आणि सावलीत वाळवा. दुकानात ट्रायल रूम नाही पण सारोंग कपड्यांवरूनच चढवून बघता येतो.