रकमेचं कलम वाचून दाखवलं, घटनेचं नाही

माझा धाकटा भाऊ भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर कामाला होता. 2023 च्या पावसाळ्यात रात्रपाळीला प्रेस डबल पडला, म्हणजे एकदा चालवल्यावर दोनदा खाली आला, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेला आडोसा, भाऊ कामाला लागला त्याच्या आधीपासूनच काढून ठेवलेला होता. गार्ड असला की पीस कमी निघतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

दवाखान्याचं बिल शेठनी भरलं, हे मी नाकारत नाही. पण ऑपरेशननंतर दुसऱ्याच संध्याकाळी ते स्टॅम्पपेपर घेऊन आले. वर लिहिलेलं 'समझोता करारनामा'. "साठ हजार देतोय पोरा, कोर्टात गेलास तर वर्षं जातील," असं म्हणत रकमेचं कलम त्यांनी मोठ्यानं वाचलं. त्याच्या आधीचा 'घटनेची थोडक्यात हकीकत' हा परिच्छेद मात्र "हा नेहमीचा मजकूर असतो" म्हणून सोडून दिला. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याचे ठसे घेतले. माझा भाऊ बारावी शिकलेला आहे. आणि खाली छापलेलं होतं, 'वाचून पाहिले, समजले, मान्य आहे.'

त्या हकीकतीत काय होतं? 'कर्मचाऱ्याने वारंवार सूचना देऊनही सुरक्षा गार्ड जाणूनबुजून स्वतः काढला व चालू मशीनमध्ये हात घातला.' वेळ दुपारची लिहिली होती. पैसे 'केवळ माणुसकीच्या नात्याने' दिले, असंही होतं.

हा मजकूर सहज लिहिलेला नव्हता. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 3 मध्ये मालकाला काही बाबतीत सूट होती. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व नसेल, आणि कामगारानं सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढल्यामुळेच इजा झाली असेल, तर भरपाई द्यावी लागत नाही. कायद्यातली ही अट उचलून भावाच्या तोंडी घातली होती. नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे, पण ही सूट तिथेही आहे.

आता आकडे बघा. माणसं दहापेक्षा कमी, त्यामुळे तिथे ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू नव्हतं. भरपाई मालकाकडूनच यायला हवी होती. भावाचं वय 25, पगार 15,000. कायद्यात त्या वयाला दिलेला गुणांक 216.91. पगाराच्या 60 टक्क्यांना त्यानं गुणलं, तर 19,52,190 रुपये होतात. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेचं 20 टक्के नुकसान धरलं आहे. म्हणजे 3,90,438 रुपये. हातात ठेवले साठ हजार.

वकिलांनी पहिल्या भेटीतच सांगितलं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार 1923 च्याच कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल ठरतो. शिवाय असा करार नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, तो नोंदवलेला नव्हता. म्हणजे रकमेचं कलम फारसं टिकणारं नव्हतंच. पण हकीकतीचं तसं नाही. तिथे लिहिलेलं भावाचा स्वतःचा कबुलीजबाब म्हणून पुढे केलं जातं, आणि ते खोटं आहे हे दाखवायचं ओझं आमच्यावर येतं. आमच्या बाजूनं आहे तो दवाखान्याचा केसपेपर, त्यावर दाखल झाल्याची रात्रीची वेळ आहे, आणि सोबतच्या पोरानं आधी कधीतरी काढलेला बिनगार्डच्या मशीनचा व्हिडिओ. दावा कामगार न्यायालयात चालू आहे.

तुमच्या घरात कुणापुढे असा कागद आला, तर हकीकत आधी वाचा, रक्कम नंतर. तारीख, वेळ, पाळी, मशीनची स्थिती, कामाला कुणी लावलं, हे सगळं बरोबर आहे का ते बघा. 'जाणूनबुजून', 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे', 'सूचना देऊनही' हे शब्द दिसले तर खोडायला लावा. ते ऐकत नसतील तर 'घटनेच्या कारणाबाबत उभयपक्षांत मतभेद आहेत' एवढं तरी लिहून घ्या. तेही नको म्हणाले, तर सही करू नका. दाव्यासाठी अपघातापासून दोन वर्षं असतात, दवाखान्यातल्या खाटेवर ठसा द्यायची काहीच घाई नसते.