दोन वर्षं, ३१ हजार किमी: शोरूमची सर्व्हिस, ५१ दिवसांची पार्टची वाट आणि एक छोटीशी क्लिप

गाडीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या वापरणाऱ्या मित्रांशी बोललो तर प्रत्येकाकडे असाच एखादा किस्सा निघाला. गाडी म्हणजे ३५० सीसीची मोटारसायकल, नोव्हेंबर २०२३ ला कराडमधून घेतली. मी औषधांच्या लाईनमध्ये एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, आठवड्यातले तीन-चार दिवस कराड-पाटण आणि महिन्यातनं दोनदा खाली चिपळूणला उतरणं असतं, म्हणजे गाडी हौसेची नाही, पोटापाण्याची आहे. गाडी एक दिवस उभी राहिली की माझा एक दिवस जातो, त्यामुळे शोरूमवाल्यांशी माझं जरा जास्तच काम पडलं.

गाडीबद्दल आधी सांगून टाकतो, गाडी चांगली आहे. इंजिनने एकदाही दगा दिला नाही, कुंभार्ली घाटात मागे माणूस आणि सॅम्पलची बॅग घेऊन आरामात चढते, ॲव्हरेज ३४-३५ च्या आसपास मिळतं. हा सगळा अनुभव गाडी घेतल्यानंतरच्या गोष्टीचा आहे.

पहिल्या दोन सर्व्हिसिंगला काही तक्रार नव्हती. खरी गोष्ट सुरू झाली जून २०२४ मध्ये. पावसाळ्याआधी गाडी नीट करून घेऊ म्हणून साधारण ९,२०० किमीला गाडी टाकली, फ्रंट ब्रेक क्लीनिंगसाठी त्यांनी पुढचं चाक काढलं, संध्याकाळी गाडी धुवून-पुसून मिळाली. त्यानंतर महिनाभराने, ११ जुलैला, मल्हारपेठच्या अलीकडे मीटरवर एबीएसची (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) पिवळी लाईट लागली आणि लागलेलीच राहिली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, चावी फिरवल्यावर ही लाईट लागते आणि गाडी थोडी पुढे गेली की आपोआप जाते, ते नॉर्मल आहे. चालत्या गाडीत लाईट तशीच राहिली तर समजायचं एबीएस बंद पडलंय. ब्रेक लागतो, पण साध्या गाडीसारखा, म्हणजे जोरात दाबला की चाक लॉक होऊ शकतं.

काहीजण म्हणतील एबीएस नसलं म्हणून काय झालं, आधीच्या गाड्यांना कुठे होतं. मी पण त्या दिवशी तसाच विचार करून पुढे गेलो. चौथ्या दिवशी नवारस्ता गावाच्या पुढे भाताच्या चिखलणीवरून आलेला एक ट्रॅक्टर रस्त्यावर चिखलाचे पट्टे पाडत चाललेला आणि तो एकदम वळला, मी ब्रेक दाबला आणि पुढचं चाक लॉक होऊन गाडी तिरकी झाली. पडलो नाही, पाय टेकवून सावरली, पण नंतर दहा मिनिटं बाजूला थांबून होतो, हात थरथरत होते. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून कायद्याने सक्तीचं आहे ते उगाच नाही. ज्या गोष्टीशिवाय कंपनी गाडी विकूच शकत नाही, ती बंद पडल्यावर महिना-दीड महिना तशीच चालवा असं ग्राहकाला सांगितलं जातं, हे मला अजूनही पटत नाही.

शोरूममध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा स्कॅनर लावला, गाडीत नोंदलेला बिघाडाचा कोड क्लिअर केला, लाईट गेली, 'झालं सर'. वारुंजी फाट्यापर्यंत येईपर्यंत लाईट परत हजर. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला पुढच्या चाकाचा एबीएस सेन्सर गेलाय, पाण्याने गेला असेल, वॉरंटीत बसेल की नाही बघावं लागेल, ऑर्डर टाकतो, आठ-दहा दिवसांत येईल. मी हो म्हटलं आणि निघालो. जॉब कार्डावर, म्हणजे गाडी टाकताना तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर, सही करताना वाचलं नाही, ही माझी चूक. नंतर घरी बघितलं तर तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलेलं. एबीएसचा उल्लेखच नाही. उद्या वॉरंटी संपल्यावर मी म्हटलो असतो की हा प्रॉब्लेम वॉरंटीतलाच आहे, तर माझ्याकडे दाखवायला कागद काय होता, काही नाही.

मग सुरू झाले फोन. दहा दिवसांनी फोन केला, 'सर पुण्यावरनं यायचाय'. पंधरा दिवसांनी, 'सर कंपनीकडेच शॉर्टेज आहे'. महिन्याने, 'सर ऑर्डर टाकलीय, आमच्या हातात काही नाही'. मी पण विश्वास ठेवला, कारण पोरगं बोलायला नम्र होतं आणि खरंच सांगतो त्याच्यावर कामाचा लोड भयंकर होता, दोन माणसांचं काम एकटा करायचा.

२० ऑगस्टला मी वैतागून सर्व्हिसच्या काउंटरवर न जाता सरळ मागच्या बाजूला पार्ट्सच्या खिडकीवर गेलो. या दोन वर्षांत मला जे कळलं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, की सर्व्हिस आणि पार्ट्स ही एकाच छपराखालची दोन वेगळी खाती असतात आणि पार्ट खरंच मागवलाय की नाही हे फक्त पार्ट्सवाल्याला माहीत असतं. तिथे एक वयस्कर काका बसलेले, चष्मा कपाळावर. म्हटलं काका, माझ्या गाडीचा एबीएस सेन्सर मागवलाय, ऑर्डर नंबर मिळेल का. त्यांनी गाडीचा नंबर टाकला, मग चेसिस नंबर टाकला, मग मान हलवली आणि काही न बोलता मॉनिटरच माझ्याकडे फिरवला. माझ्या गाडीच्या नावावर एकही ऑर्डर नव्हती. चाळीस दिवस मी ज्या पार्टची वाट बघत होतो तो कुणी मागितलेलाच नव्हता. काका हळूच म्हणाले, वॉरंटीचा पार्ट मागवायचा तर आधी सर्व्हिसवाल्यांनी क्लेम टाकावा लागतो, फोटो आणि रिपोर्ट लागतो, ते वर आलंच नाही तर मी ऑर्डर कशी टाकू. आणि त्यांनी एका चिठ्ठीवर पार्ट नंबर लिहून दिला. तो चिठोरा अजून माझ्या आरसी बुकच्या कव्हरमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला. मराठीत बोलता येतं, तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) देतात, पैसे लागत नाहीत. मी तारखा, किलोमीटर, जॉब कार्डचे नंबर आणि 'ऑर्डर टाकलेली नाही' हे एवढंच सांगितलं, रागारागात काही बोललो नाही, आणि मला वाटतं त्याचाच उपयोग झाला.

शनिवारी कामासाठी पुण्याला जायचंच होतं म्हणून नाना पेठेत चक्कर टाकली. टू-व्हीलरचे पार्ट ज्यांनी कधी शोधलेत त्यांना नाना पेठ सांगायला नको. तिसऱ्या दुकानात पार्ट नंबरची चिठ्ठी दाखवली, त्याने वरच्या फळीवरनं खोका काढला, होलोग्राम, एमआरपी, पार्ट नंबर सगळं जुळतंय, ओरिजिनल. ज्याचं देशभर शॉर्टेज आहे असं मला सांगितलेलं तो माल माझ्या हातात. मी पाकीट काढलं तर दुकानदारच म्हणाला, 'दादा गाडी वॉरंटीत आहे ना? मग स्वतःचे पैसे का घालवताय, बाहेरचा बसवलात तर उद्या तेच म्हणतील वायरिंगला हात लावला म्हणून. खोक्याचा फोटो काढा आणि त्यांना दाखवा.' दोन हजाराच्या आसपासचं गिऱ्हाईक त्या माणसाने स्वतःहून सोडलं. मी तिथनं क्लच केबल आणि दोन स्पार्क प्लग घेऊन आलो, त्यानंतर माझी वॉरंटीबाहेरची सगळी खरेदी त्याच दुकानातनं होते.

सोमवारी कंपनीच्या रिजनल ऑफिसमधून फोन आला. त्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एक गोष्ट सांगितली जी मला पहिल्या दिवशीच माहीत असायला हवी होती. वॉरंटी कंपनीची असते, शोरूमची नाही. गाडी कराडला घेतली म्हणून कराडलाच दाखवायची असं काही नाही, कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला क्लेम होतो. मी त्याच दिवशी साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, पार्ट नंबर, चेसिस नंबर, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, संध्याकाळी त्यांनी ऑर्डर नंबर पाठवला आणि ३० तारखेला 'पार्ट आलाय, उद्या या' म्हणून मेसेज. चार दिवस लागले फक्त.

३१ ऑगस्टला सकाळी साडेनऊला साताऱ्यात पोचलो. तिथल्या मेकॅनिकने, पंचविशीचा मुलगा असेल, नवीन सेन्सर खोक्यातनं काढायच्या आधी जुन्याची वायर बोटांनी चाचपत खालून वर नेली. हा सेन्सर आणि त्याची वायर एकच पीस असतो, चाकावर भोकांची एक रिंग असते ती फिरताना सेन्सर वाचतो आणि वायर ब्रेकच्या पाईपला धरून वर जाते. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, मध्याजवळ तो थांबला आणि मला बोलावलं, 'सर हे बघा'. वायरवरचं काळं रबर एका बाजूने घासून सपाट झालेलं आणि आतली तांब्याची तार हिरवट पडलेली. त्याच्या बाजूला मडगार्डच्या पट्टीवरचा रंग गेलेला, बोटाच्या पेराएवढा चकाकणारा डाग. म्हणाला, इथे प्लॅस्टिकची एक क्लिप असते वायर पाईपला धरून ठेवायला, चाक काढताना काढली असेल, परत लावलीच नाहीये, हँडल वळवलं की दर वेळी वायर पट्टीवर घासते. सेन्सर पाण्याने गेलाच नव्हता. आणि पुढे म्हणाला, क्लिप न लावता नवीन सेन्सर टाकला असता तर दोन महिन्यांत हा पण गेला असता.

क्लिप स्टॉकमध्ये होती, तीस रुपयांच्या आत. तिचे पैसे मी दिले, सेन्सर वॉरंटीत झाला, लेबर शून्य. बाहेर राजवाड्यापर्यंत ट्रायल मारली, लाईट गेलेली ती आजपर्यंत परत लागली नाही. ५१ दिवस, पावसाळ्याचे ५१ दिवस, मी एका क्लिपपायी बिनाएबीएसची गाडी पाटणच्या रस्त्यावर चालवली.

त्यानंतर कराडच्या शोरूममधून फीडबॅकचा कॉल आला, दहापैकी किती द्याल. मी चार दिले आणि कारण सांगितलं. संध्याकाळी त्या ॲडव्हायझरचा फोन, सर इन्सेंटिव्ह कापला जातो, दहा सांगायला हवं होतं. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी, खरंच वाटलं, पण मी त्याला सांगितलं की भाऊ तू पहिल्याच दिवशी 'ऑर्डर टाकायची राहिली' म्हणाला असतास तर मी एक शब्द बोललो नसतो. चुका होतात. खोटं सांगून माणसाला पावसात पाठवायचं नाही.

आता सर्व्हिसिंग साताऱ्याला करतो, पण तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. लांब पडतं, पन्नासेक किमी जायचं आणि यायचं, शनिवारची पहिली अपॉइंटमेंट नाही मिळाली तर दिवस मोडतो. बिलात एकदा न सांगता इंजिन क्लीनर आणि कोटिंग टाकलेलं, विचारल्यावर लगेच काढलं. एका सर्व्हिसनंतर पार्किंगमध्ये गाडीखाली ऑइलचा रुपयाएवढा डाग पडायला लागला, फोटो पाठवला तर त्यांनी मान्य केलं की ड्रेन बोल्टचं (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) तांब्याचं वॉशर जुनंच लावलेलं होतं, परत बोलावून बदलून दिलं. हे वॉशर प्रत्येक ऑइल चेंजला नवीन पाहिजे, किंमत किरकोळ असते, बिलात दिसलं नाही तर विचारा. ऑइलचा डबा समोर फोडायला लावतो, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

बिलाचं अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्ट्सवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. ज्या क्लच लिव्हरचे आधी करासकट ३२० व्हायचे त्याचे आता २९५ व्हायला पाहिजेत. ऑक्टोबरमध्ये मला जुन्या एमआरपीनेच बिल लावलेलं, दाखवल्यावर दुरुस्त करून दिलं. लेबरवर आधीपासून १८ च होता, त्यात फरक नाही.

आता मी काय करतो ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर. जॉब कार्डावर तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतो, 'चालू गाडीत एबीएस लाईट लागून राहते, अमुक किलोमीटरपासून', आणि लिहीपर्यंत सही करत नाही. पार्ट नाही म्हणाले की तीनच गोष्टी विचारतो: पार्ट नंबर काय, ऑर्डर नंबर काय, कुठल्या तारखेला टाकली. तिन्ही व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणतो. खरंच ऑर्डर टाकलेली असेल तर दोन मिनिटांत येतं, नसेल तर तिथेच कळतं. बदललेला जुना पार्ट मागून घेतो, वॉरंटीचा असेल तर तो कंपनीकडे जातो, पण बघून तरी घेतो. आणि गाडी कुणी कुठे उघडली होती हे मोबाईलमध्ये तारखेसकट लिहून ठेवतो.

कराडच्या शोरूमला राग धरून पूर्ण सोडलेलं नाही. पार्ट्सच्या खिडकीवरच्या काकांकडनं फिल्टर, वॉशर, बल्ब असल्या वस्तू आजही घेतो, ते नंबर तोंडपाठ सांगतात. फक्त चाक, ब्रेक आणि वायरिंगचं काम तिथे देत नाही.

येत्या शनिवारी पुढची सर्व्हिस आहे, साताऱ्याला, पहिला नंबर मिळालाय. पुढचा टायर बदलायचाय, म्हणजे चाक निघणार. तिथल्या त्या मेकॅनिक मुलाला कालच मेसेज टाकलाय, एक क्लिप जास्तीची काढून ठेव म्हणून, आणि चाक परत बसवतील तेव्हा मी शेजारीच उभा असणार आहे.