हिकारीसीपी की पीजीबाउन्सर: पोस्टग्रेसचा कनेक्शन पूल कुठे ठेवावा?

पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर स्वतंत्र प्रोसेस सुरू करतो. त्यामुळे पूल, म्हणजे उघडलेली कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरणारा साठा, हवा, याबद्दल वाद नाही. तो अ‍ॅप्लिकेशनच्या आत ठेवायचा की बाहेर, एवढेच ठरवायचे असते.

आतला पर्याय म्हणजे जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कसोबत २.० पासून येणारा हिकारीसीपी. त्याला वेगळी सेवा सांभाळावी लागत नाही आणि सेशनच्या, म्हणजे एका कनेक्शनपुरत्या टिकणाऱ्या, सर्व सोयी शाबूत राहतात. अडचण गुणाकाराची आहे: अ‍ॅप्लिकेशनच्या प्रत्येक चालू प्रतीचा (इन्स्टन्सचा) पूल वेगळा. त्याच्या पूलची डीफॉल्ट मर्यादा १० कनेक्शनची आहे आणि काम नसतानाही तो ती सगळी धरून बसतो. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. म्हणजे नऊ इन्स्टन्सपर्यंत ठीक. मात्र सहाच इन्स्टन्स असले तरी नवी आवृत्ती चढवताना (डिप्लॉय) जुने आणि नवे काही काळ एकत्र चालले, तर मागणी १२० वर जाते आणि लॉगमध्ये कनेक्शन नाकारल्याच्या एरर दिसू लागतात. मर्यादा वाढवायची तर डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो.

बाहेरचा पर्याय म्हणजे पीजीबाउन्सर. ही वेगळी सेवा अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेसच्या मध्ये उभी राहून शेकडो क्लायंटना मोजक्या कनेक्शनांवर खेळवते, पण मुख्यतः ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपताच कनेक्शन दुसऱ्याला दिले जाते तेव्हा. त्याच्या डीफॉल्ट सेशन मोडमध्ये क्लायंट तुटेपर्यंत कनेक्शन अडकून राहते, त्यामुळे हिकारीसीपीच्या पुढे तसाच लावून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. ट्रान्झॅक्शन मोडची किंमतही मोजावी लागते: एका ग्राहकासाठी ‘सेट’ने बदललेला सर्च पाथ (टेबल कोणत्या स्कीमात शोधायचे ते ठरवणारी सेटिंग) त्याच कनेक्शनवर पुढे येणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाच्या क्वेरीला लागू शकतो, आणि तेव्हा एररही येत नाही. ‘लिसन’ (डेटाबेसकडून सूचना ऐकणे) आणि सेशन-पातळीवरचे अ‍ॅडव्हायजरी लॉक (अ‍ॅप्लिकेशनने स्वतः घेतलेली कुलपे) हेही भरवशाचे राहत नाहीत. प्रीपेअर्ड स्टेटमेंटची (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरींची) जुनी तक्रार पीजीबाउन्सर १.२१ पासून बरीचशी मिटली आहे.

माझ्या मते, मोजके आणि ठरलेले जावा इन्स्टन्स असतील तर हिकारीसीपी पुरेसा आहे. पूल लहान ठेवावा. पीएचपी-एफपीएमसारख्या (पीएचपी चालवणाऱ्या), वेगवेगळ्या प्रोसेसना एकच पूल वाटून घेता न येणाऱ्या व्यवस्थेत किंवा इन्स्टन्सची संख्या आपोआप कमी-जास्त होत असेल (ऑटोस्केलिंग) तिथे पीजीबाउन्सरच योग्य.

ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट पाहणारा कोड मात्र दोन्हीकडे कनेक्शन अडवतो. म्हणून निवडीआधी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी या पोस्टग्रेसच्या चालू कनेक्शनांच्या यादीत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेतल्या ओळी किती आणि किती वेळ रेंगाळतात, हे पाहून घ्यावे.